गिटलॅबचं पोस्टमॉर्टेम: पाच 'का' आणि एक राहून गेलेला

संशोधनाला लागण्याआधी काय वाचू, असं विचारणाऱ्यांना मी शोधनिबंधांच्या यादीत एक आगंतुक घुसवते. गिटलॅब या कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्वतःच्याच फजितीबद्दल लिहिलेलं हे पोस्टमॉर्टेम आहे. डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या जगात ते खूप गाजलं. प्रामाणिकपणासाठी त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण प्रामाणिक असणं आणि बरोबर असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा अहवाल एका जागी स्वतःच्याच हाती लागलेला धागा सोडून देतो असं माझं मत आहे. तो कुठे सोडतो हे बघायला शिकलात तर पुढे स्वतःच्या निष्कर्षांकडे बघतानाही उपयोग होईल, म्हणून हे लिहितेय.

आधी घटना थोडक्यात. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅबच्या संकेतस्थळामागे पोस्टग्रेसक्यूएल हा रिलेशनल डेटाबेस होता. एक मुख्य सर्व्हर आणि त्याची सतत नक्कल ठेवणारा एक दुय्यम सर्व्हर. संध्याकाळपासून डेटाबेसवर ताण वाढला, रात्री दुय्यम सर्व्हर मागे पडत पडत पूर्ण थांबला. तो नव्याने उभा करायचा प्रयत्न सुरू असताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायची म्हणून कमांड दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

पुढचं त्याहून वाईट. रोजचा बॅकअप जिथे असायला हवा तिथे काहीच नव्हतं. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामी आला तो एक स्नॅपशॉट, जो त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी, १७:२० यूटीसीला, दुसऱ्याच एका चाचणीसाठी हाताने घेतला होता. त्यावरून सगळं परत आणायला १८ तासांच्या वर लागले. मधल्या तासांतलं जे गेलं ते गेलंच: कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया, आणि ७०० नवी खाती. लोकांचा कोड मात्र वाचला, कारण गिट रिपॉझिटरी या डेटाबेसमध्ये नव्हत्याच.

ही गोष्ट कुणी कुणाला सांगतं तेव्हा साधारण एका वाक्यात संपते: चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. ऐकणारा हसतो, आणि सर्व्हरच्या प्रॉम्प्टला वेगळे रंग द्या म्हणजे झालं, असा सल्ला देतो. (कंपनीच्या उपाययोजनांच्या यादीतही प्रॉम्प्ट बदलणं अगदी वरच आहे!) माझी तक्रार इथूनच सुरू होते. डिलीट कुठे मारलं यापेक्षा डिलीट मारावंसं का वाटलं, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. आणि त्याचं उत्तर अहवालातच आहे, फक्त निष्कर्षांच्या भागात नाही. ते घटनाक्रमात दडलंय.

ते समजायला पोस्टग्रेसची थोडी ओळख हवी. कोरिलेशन नि रिग्रेशन जमत असेल तर हे तुम्हाला सहज जमेल, घाबरू नका. पोस्टग्रेस कुठलाही बदल तक्त्यांच्या फायलींत लिहिण्याआधी एका रोजनिशीत लिहितो. तिला वॅल म्हणतात. दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरकडून ही रोजनिशी ओढून घेतो आणि स्वतःकडे तेच बदल करतो. रोजनिशीची जुनी पानं मुख्य सर्व्हर कायम ठेवत नाही. काही काळाने ती पुसली जातात किंवा पुन्हा वापरली जातात. दुय्यम सर्व्हर इतका मागे पडला की त्याला हवं असलेलं पानच उरलं नाही, तर नुसतं थांबून भागत नाही. ती पानं वेगळीकडे साठवून ठेवलेली असतील तर तिथून घेता येतात. गिटलॅबकडे तशी साठवण नव्हती. मग उरतो एकच मार्ग: दुय्यम सर्व्हर रिकामा करायचा आणि पीजी-बेसबॅकअप नावाच्या साधनाने मुख्य सर्व्हरची अख्खी नक्कल पुन्हा आणायची.

इथवर कुणाचं काही चुकलेलं नाही. दुय्यम सर्व्हरची डिरेक्टरी रिकामी करणं हा नेहमीच्या कृतीचाच भाग होता.

आता पीजी-बेसबॅकअप चालवलं. पहिल्यांदा त्याने तक्रार केली की मुख्य सर्व्हरवर रेप्लिकेशनसाठी पुरेशा जोडण्या नाहीत. ती मर्यादा वाढवली. मग पोस्टग्रेस पुन्हा सुरू होईना, कारण एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० ठेवलेली होती आणि सेमाफोर पुरत नव्हते. ती २००० वर आणली. इथे एक बघा: या दोन्ही अडचणींत यंत्राने तोंड उघडून सांगितलं होतं की काय दुखतंय. त्यानुसार इलाज केला, तो लागू पडला. तिसऱ्या वेळी पीजी-बेसबॅकअप सुरू झालं आणि गप्प बसलं. एरर नाही, प्रगती नाही, काही नाही. एसट्रेस लावून पाहिलं तर प्रक्रिया कशाची तरी वाट बघतेय एवढंच कळलं.

ती खरोखरच वाट बघत होती. पीजी-बेसबॅकअप सुरू झालं की मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला लागेपर्यंत ते निमूट थांबतं. नक्कल सुरू करण्याआधी मुख्य सर्व्हरला एक चेकपॉइंट पूर्ण करायचा असतो, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर नेऊन टाकायचे असतात, आणि घाई कर असं वेगळं सांगितलं नाही तर तो हे काम सावकाश, चालू कामाला धक्का न लावता करतो. त्यात काही मिनिटं सहज जातात. बिघाड काहीच नव्हता. अहवाल हे मान्य करतो, आणि कंपनीतल्या दुसऱ्या एका अभियंत्याने हे वागणं पूर्वी पाहिलं होतं असंही सांगतो. पण तो त्या वेळी तिथे नव्हता, आणि हे कुठे नीट लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्या शांततेचा अर्थ अभियंत्याने असा लावला की आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत डिरेक्टरीत काही फायली शिल्लक राहिल्या असाव्यात. म्हणून ती पुन्हा पुसू. आणि मग ती कमांड.

माझ्या मते अख्ख्या अहवालातली सर्वांत मोलाची जागा हीच. कारण पीजी-बेसबॅकअपला समोरची डिरेक्टरी रिकामी मिळाली नाही तर ते गप्प बसत नाही, स्पष्ट एरर देऊन बाहेर पडतं. अहवालानेच हे नोंदवलंय! म्हणजे "उरलेल्या फायली" हे गृहीतक खरं असतं तर एरर दिसायला हवी होती. दिसत होती शांतता. गृहीतक काय भाकीत करतं आणि समोर काय दिसतंय यांचा मेळ बसत नव्हता, आणि तरीही त्या गृहीतकावर एक न फिरवता येणारी कृती केली गेली.

मी त्या माणसाला नावं ठेवत नाहीये. रात्रीच्या वेळी, लाखो लोक वापरतात ते संकेतस्थळ हेलकावे खात असताना, मीही तेच केलं असतं. कदाचित आणखी लवकर. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर हा क्षण थांबवून बघा. गप्प बसलेल्या यंत्राला त्या वेळी कुठले प्रश्न विचारता आले असते? मुख्य सर्व्हरवर जाऊन पीजी-स्टॅट-रेप्लिकेशन हा तक्ता बघता आला असता. त्यात जोडलेल्या प्रत्येक ग्राहकाची ओळ असते, आणि बेसबॅकअप मागणाराही तिथे दिसतो. ओळ असती तर निदान एवढं कळलं असतं की पलीकडे निरोप पोचलाय, अडचण या टोकाच्या डिरेक्टरीत नाही. चेकपॉइंटची नोंद लॉगमध्ये होईल अशी सोय करता आली असती. हे सगळे वाचण्याचे प्रश्न आहेत, त्यांनी काही बदलत नाही. आज तर काम आणखी सोपं झालंय. पोस्टग्रेसच्या २०२० मधल्या १३व्या आवृत्तीपासून बेसबॅकअप कुठल्या टप्प्यावर आहे हे दाखवणारा स्वतंत्र तक्ता मिळतो, आणि "चेकपॉइंट पूर्ण होण्याची वाट" हा त्यातला एक टप्पा आहे. साधनाच्या अधिकृत माहितीपत्रकातही आता लिहिलंय की सुरुवातीला ते काही काळ रिकामं बसल्यासारखं दिसेल.

आता अहवालाच्या निष्कर्षांकडे. मूळ कारण शोधायला त्यांनी "पाच वेळा का" ही टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पद्धत वापरलीय. पहिली साखळी अशी जाते: संकेतस्थळ बंद का पडलं? मुख्य सर्व्हरची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. ती का पुसली? रेप्लिकेशन थांबल्यामुळे दुय्यम सर्व्हर हाताने नव्याने उभा करावा लागत होता, आणि ती कृती नीट लिहून ठेवलेली नव्हती. रेप्लिकेशन का थांबलं? ताण वाढला आणि वॅलची पानं वेळेआधी गेली. ताण का वाढला? स्पॅम, आणि एका कर्मचाऱ्याचं खातं व त्याचा सगळा डेटा पुसण्याचं पार्श्वभूमीला चाललेलं काम. त्याचं खातं का पुसलं जात होतं? एका ट्रोलने त्याच्याविरुद्ध गैरवापराची तक्रार नोंदवली आणि ती तपासताना नजरचूक झाली.

वाचून गंमत वाटते की नाही? ३०० जीबी गेले, आणि शोध घेत घेत आपण पोचलो एका ट्रोलच्या तक्रारीपाशी. साखळीतली प्रत्येक कडी खरी आहे. पण ट्रोलला वगळून बघा. त्या दिवशी हा अपघात कदाचित टळला असता. पुढच्या महिन्यात ताण दुसऱ्या कशाने तरी वाढला असता, दुय्यम सर्व्हर असाच मागे पडला असता, आणि पीजी-बेसबॅकअप असंच गप्प बसलं असतं. आता तीच परीक्षा शांततेच्या कडीची घ्या. साधन वाट बघतंय हे त्या टेबलावर कुणाला माहीत असतं तर ताण कशानेही वाढो, डिरेक्टरी दुसऱ्यांदा पुसायचं कारणच उरलं नसतं.

"का" या प्रश्नाची ही खोड आहे. तो कालक्रमात सरळ मागे मागे नेतो, आणि जिथे आपण दमतो त्या जागेला आपण मूळ कारण म्हणतो. गाईडसमोर "परिणाम असा का दिसला" याचं उत्तर देताना आपणही हेच करतो. एक पायरी मागे, आणखी एक पायरी मागे, आणि मग साहित्याच्या आढाव्यातला एखादा ओळखीचा संदर्भ सापडला की हुश्श. दुसऱ्या "का"चं उत्तर देताना अहवाल "नीट लिहून ठेवलेली नव्हती" असं म्हणून पुढे निघून जातो. तिथे थांबून आडवा प्रश्न विचारायला हवा होता: त्या क्षणी त्याला काय दिसत होतं, आणि त्याचा तो अर्थ त्याला का पटला?

त्या रात्री लिहिलेल्या कच्च्या नोंदीही कंपनीने तेव्हाच सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या (दुरुस्तीचं काम तर यूट्यूबवर थेट दाखवलं!). त्या नोंदींत एक साधी ओळ आहे: उशीर झाला म्हणून हा अभियंता काम आवरणार होता, पण रेप्लिकेशन बिघडलं म्हणून थांबला, आणि आता वैताग वाढायला लागलाय. पाचांपैकी एकाही "का"मध्ये या ओळीला जागा मिळालेली नाही. दमलेला एकटा माणूस हे कारण म्हणून लिहायला संस्थांना संकोच वाटत असावा. दोष दिल्यासारखं दिसतं ना. पण त्या वेळी शेजारी फक्त "थांब, हे असं दहा मिनिटं बसतं" म्हणणारं कुणी असतं तर, हा विचार केल्याशिवाय मला ते पान मिटता येत नाही. म्हणून सांगते, पक्का अहवाल आणि कच्च्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. नीटनेटकं लिहिताना काय गळून पडतं ते दिसेल. तुमच्या फील्ड-डायरीचं आणि प्रबंधाचंही असंच होणार आहे.

दुसऱ्या साखळीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ती उत्तम आहे. बॅकअप का नव्हता? कारण रोज चालणारं पीजी-डम्प हे साधन ९.२ आवृत्तीचं चालत होतं आणि डेटाबेस होता ९.६. आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डम्प घ्यायला पीजी-डम्प नकार देतं. जुनं का चालत होतं? कुठली आवृत्ती वापरायची हे डेटा डिरेक्टरीतल्या एका फायलीवरून ठरत होतं, आणि बॅकअप ज्या यंत्रावर चालायचा तिथे ती डिरेक्टरीच नव्हती. मग आपोआप जुनी निवडली जायची. अपयशाची खबर का लागली नाही? क्रॉन इमेल पाठवत होता, पण त्यावर डीमार्कला हवी ती सही नव्हती, म्हणून समोरचा सर्व्हर त्या नाकारत होता. बॅकअपमधून परत आणून बघायचा सराव का नव्हता? कारण ते कुणा एकाचं काम नव्हतं. इथे प्रत्येक पायरीवर काहीतरी पाहता येण्याजोगं सापडतं, आणि शेवटची कडी काढली तर खरोखर वरच्या सगळ्या कड्यांना आधी कुणीतरी पकडलं असतं. एकाच अहवालात, एकाच पद्धतीच्या दोन साखळ्या. एक भरकटलेली, एक पोचलेली. तुलना करायला याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

आणि ही साखळी आपल्यापासून लांब नाही. आमच्या प्रयोगशाळेत तीन पावसाळ्यांच्या पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदी एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहेत. रोज रात्री दोन वाजता पीजी-डम्प चालतं, त्याचा निकाल पाइपने जीझिपकडे जातो, तारखेच्या नावाची फाइल तयार होते. फायली रोज दिसायच्या, म्हणजे बॅकअप आहे. दुसरी साखळी पहिल्यांदा वाचल्यावर मी सहज त्यांचे आकार बघितले. जवळजवळ चार महिन्यांच्या फायली प्रत्येकी २० बाइटच्या. रिकामं काहीतरी जीझिपने बांधलं की बरोबर एवढंच वजन भरतं. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, पीजी-डम्प रोज दारातूनच परत येत होतं, आणि जीझिप इमानेइतबारे रिकामी पिशवी बांधून ठेवत होतं. पाइपमध्ये शेवटची कमांड यशस्वी झाली की शेलच्या मते सगळंच यशस्वी. पाइपफेल हा पर्याय लावल्याशिवाय आधीचं अपयश वर येत नाही. मूळ डेटाबेस शाबूत होता म्हणून आज हे हसत सांगतेय. त्या चार महिन्यांत डिस्क गेली असती तर एका अख्ख्या पावसाळ्याचे नमुने गेले असते, आणि तो पाऊस काही पुन्हा पडत नाही. माझ्या सीनिअरच्या प्रबंधातली दोन प्रकरणं त्याच नोंदींवर उभी आहेत.

तेव्हापासून महिन्यातून एकदा ताज्या फाइलवरून दुसऱ्या संगणकावर पूर्ण डेटाबेस उभा करायचा आणि प्रत्येक तक्त्यातल्या ओळी मोजून मूळ आकड्यांशी ताडायच्या, हे काम एका माणसाच्या नावावर लावलंय. सध्या ते नाव माझं आहे. परवाच्या चाचणीत चार तक्ते तंतोतंत जुळले. पाचव्यात ११ ओळी कमी आल्या. बॅकअप झाल्यानंतर रात्री उशिरा कुणीतरी नोंदी केल्या असतील असं वाटतंय, पण "वाटतंय" एवढ्यावर सोडायचं नाही म्हणून आज सगळ्यांना वेळा विचारणार आहे.